गाऱ्हाण्यात दोन नावं

ठकूबाईला बोलायला लागतं. कुणाला चहा लागतो, कुणाला मिश्री, तसं. माहेर वरंधचं. लग्न होऊन ती पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एसटी जिथून माघारी फिरते तिथून पुढे पायी चढून जायच्या कोंडात, डोंगरातल्या वाडीत, आली. नव्या नवरीने मान खाली घालून गप्प बसायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल तेव्हा ती स्वतःच बोलत असेल. माप ओलांडता ओलांडता तिने सासऱ्यांना विचारलं होतं, "उंबऱ्याला वाळवी लागलीय, ठावं हाय का?" सासरे म्हणाले, "हाय." तिथून पुढे त्या घरात दुसरं कुणी फारसं बोललं नाही.

कोंडाला तिचा उपयोग होता. हळदीची गाणी तिला येत, बारशाची येत, आणि जिथे गाणं नसे तिथे ती रचून घाले. बांधावरून भांडण झालं की दोन्ही बाजू आधी तिच्याकडे येत, कारण ती दोन्ही बाजूंनी बोलू शके, तेही एका दमात.

अशा बाईला गावकीने वाळीत टाकलं.

कारण तिची मुलगी रूपाली. महाडच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये ती नोकरीला होती, आणि तिथेच काम करणाऱ्या अश्वजितशी तिने रजिस्टर लग्न केलं. अश्वजित महाडचा, बौद्ध. गावकी देवळापुढे बसली. गावकीचा पुढारी चांगू. नात्याने ठकूबाईचा चुलत दीर. त्याने सरळ तोडगा सांगितला: आईबापांनी नारळ फोडायचा आणि मुलगी आम्हाला मेली असं चारचौघांत म्हणायचं. मग विषय संपला.

ठकूबाई म्हणाली, "मेली कशी? सकाळीच फोन आला तिचा."

"तसं नाय वहिनी. म्हणायचं फक्त."

"फक्त म्हणायचं, तर तुझी म्हण. तुझ्या पण दोन हायत."

विषय संपला नाही. त्या दिवसापासून कोंडात कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही, चक्कीवर त्यांचं दळण घ्यायचं नाही, लग्नामयताला बोलवायचं नाही, शिमग्यात देवीची पालखी त्यांच्या दारी न्यायची नाही. जो बोलेल त्याला दंड. असं वाळीत टाकणं हा गुन्हा आहे आणि त्याला कायदा आहे, हे कोंडात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सगळं तोंडी ठरवलं.

तिचा नवरा महिपत याला पहिल्यापासून कमी बोलायची सवय. त्याने परिस्थितीकडे चांगल्या नजरेने पाहिलं. "शांतता हाय," तो म्हणाला. "कुणी विळा मागायला येत नाय."

शेजारची साळूबाई मात्र मनाने वाईट नव्हती. तिला दंडही भरायचा नव्हता. तिने स्वतःची एक पद्धत काढली. ती परसात येऊन कोंबडीशी बोले. "अगो कोंबडे, उद्या पाण्याला लाइट नाय येणार, आजच भरून ठेव." "अगो कोंबडे, भिकूचा म्हातारा गेला, दुपारी उचलणार हायत." कोंबडीला पाणी भरायचं नव्हतं आणि भिकूचा म्हाताराही तिच्या ओळखीचा नव्हता, पण तिने सगळं ऐकून घेतलं. कुंपणाच्या अलीकडून ठकूबाई म्हशीला उत्तर देई. "अगो म्हशी, किती दिवस आजारी होता गो?" गावकीच्या नियमात जनावरांबद्दल काही नव्हतं.

तरी ही काही बोलण्याची जागा नव्हे. म्हैस ऐकते, पण वाद घालत नाही.

रूपाली आणि अश्वजित आधी पनवेलला राहिले. कोंडातली निम्मी माणसं मुंबईला, आणि मुंबईतल्या माणसांचं एक मंडळ. मंडळाचं काम म्हणजे देवळाला रंग, शिमग्याला गाड्या आणि कुणाचा मुलगा कुठे आहे याची खबर. मंडळाला त्यांची खोली सापडली. अश्वजितला खाडीच्या रस्त्यावर अडवून मारलं, त्याचा हात मोडला. चौकीत लिहून घेतलं की किरकोळ बाचाबाची. ते नाशिकला गेले. तिथे कोंडातल्या कुणाचा तरी मेहुणा दूधवाला निघाला. एका सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर निरोप आला की पत्ता छान आहे. त्यानंतर अश्वजितला कॅनडातल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला आणि दोघं तिकडे गेले. कोर्स संपत आला, व्हिसाही संपत आला. पनवेलमध्ये मारणाऱ्यांतल्या एकाने अश्वजितच्या भावाला महाडच्या बाजारात हसत हसत विचारलं, "येतायत ना परत? आम्ही हाय इथंच."

तेव्हा रूपालीने फोन केला.

"आये, आम्ही इथं आसरा मागितलाय. सरकारकडं."

"भाड्याची खोली सोडली काय?"

"खोलीचा नाय गो. देशाचा. आमच्या जिवाला तिकडं धोका हाय, आम्हाला परत पाठवू नका, असा अर्ज केलाय."

"आनी ते ऐकतात?"

"ऐकायचा कायदा हाय. पण इथं आल्यावरच मागता येतं, घरी बसून नाय. आधी अर्ज करायचा. ते पासपोर्ट ठेवून घेतात..."

"पासपोर्ट घेतला? चोर मेले."

"ठेवून घेतात, आये. बदली कागद देतात. मग डॉक्टर तपासतो. मग आपली हकिकत लिहून द्यायची, पहिल्यापासून. मग सुनावणी."

"जजपुढं?"

"मेंबर म्हणतात त्याला."

"मेंबर? पंचायतीतला?"

"सरकारनं नेमलेला असतो. एकटाच बसतो. सगळं ऐकतो आनी ठरवतो."

ठकूबाईने जरा विचार केला. "एकटा ऐकून ठरवतो," ती म्हणाली. "आपल्याकडं पन्नास जण न ऐकता ठरवतात."

मग रूपालीने मुद्दा काढला. त्यांच्या तिकडच्या वकिलाला साक्षीदार हवा होता. कोंडात काय घडलं आणि अजून काय चाललंय हे स्वतः पाहिलेला माणूस.

"आये, तू बोलशील?"

हा प्रश्न ठकूबाईला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

महाडच्या कोर्टाजवळ माहरुख नावाच्या तरुण वकीलबाईचं ऑफिस आहे. ठकूबाई बाजारच्या दिवशी पावटे आणि नाचणी घेऊन महाडला येते. माहरुखची आई तिचं जुनं गिऱ्हाईक, म्हणून माहरुख तिला मावशी म्हणते. कॅनडाच्या वकिलाच्या सांगण्यावरून प्रतिज्ञापत्र तिने केलं. ते करताना तिने ठकूबाईला सगळं समजावलं, कारण समजल्याशिवाय ठकूबाई कागद काय, पाणीसुद्धा हातात घेत नाही. सही मात्र ती करते, मोठी, डोक्यावर रेघ देऊन.

"मावशी, काम मिळत नाही, पैसा नाही, यावर ते आसरा देत नाहीत. धर्म, जात, मत, तुम्ही कोण आहात, यावरून कुणी जिवावर उठलं असेल तर देतात. मुख्य प्रश्न तीन. एक, तुम्हाला भीती कुणाची?"

"चांगूची. आनी त्या मंडळवाल्या मंगेशची."

"तुमची नाही, रूपालीची. दोन, तुमचे पोलीस तुम्हाला का वाचवू शकत नाहीत?"

"किरकोळ लिवतात."

"तीन. तुमच्याच देशात दुसरीकडे जाऊन का राहत नाही? भारत केवढा मोठा आहे. बहुतेकांचं घोडं इथे अडतं. मेंबर विचारणार, पनवेल झालं, नाशिक झालं, मग कोलकाता का नको? तिथे तुमच्या कोंडाला कोण विचारतं?"

ठकूबाई गप्प बसली. ती क्वचित बसते, म्हणून माहरुखने खिडकी उघडली.

"आनी जिंकली तर?" ठकूबाईने विचारलं.

"तर तिथे राहतील. पुढे कायमचे होतील."

"नाय, येणार कधी? भेटायला?"

माहरुखने पेन खाली ठेवलं. "मावशी, जिवाला धोका आहे म्हणून आसरा घेतला, आणि सुट्टी काढून तिथेच आले, तर ते म्हणतील धोका कुठे होता? दिलेला आसरा काढूनही घेऊ शकतात. इकडे येता येणार नाही. वर्षानुवर्षं नाही."

"म्हणजे मी साक्ष द्यायची की माझ्या पोरीनं माझ्या दारात येऊ नये."

"हो."

"आनी चांगली दिली तर ती येणार नाय."

"हो."

"वाईट दिली तर येईल."

"वाईट दिली तर पाठवतील."

ठकूबाईने पावट्याची रिकामी पिशवी घडी घालून काखेत मारली. "तू शिकलेली हायस," ती म्हणाली, "पण जरा गोड करून सांगायला शीक."

गोष्ट कोंडात पोचली ती महिपतमुळे. शांततेचा भोक्ता तो. पोलादपूरच्या स्टँडवर कोंडातला मालोजी भेटला आणि नियम विसरून, किंवा आजूबाजूला कुणी नाही असं बघून, म्हणाला, "काय महिपतराव, कुठं?" कितीतरी दिवसांनी कोंडातल्या माणसाने त्याला काही विचारलं होतं. महिपतला एवढा आनंद झाला की त्याने कुठं चाललो ते सांगितलंच, शिवाय का, कशासाठी, कॅनडा कुठे आहे आणि सुनावणी शिमगा झाल्यावर लगेच आहे हेही सांगितलं. घरी येऊन त्याने हे कबूल केलं तेव्हा ठकूबाई म्हणाली, "शांतता फुटली वाटतं."

दोन दिवसांनी साळूबाई परसात आली. "अगो कोंबडे," ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "आज पाव्हणे येणार हायत तुझ्याकडं. चहा पावडर हाय ना?"

पाहुणे म्हणजे चांगू, आणि शिमग्यासाठी मुंबईहून आलेला मंडळाचा अध्यक्ष मंगेश. दोघे अंगणात आले, चपला काढल्या आणि सवयीने गप्प उभे राहिले. मग आपण बोलायला आलो आहोत हे चांगूच्या लक्षात आलं.

"काय वहिनी, बरं हाय ना?"

"कोण बोलतंय?" ठकूबाई म्हणाली.

"मी, चांगू."

"होय काय. आवाज विसरायला झाला."

"असं काय करता वहिनी. आपलं काय बोलणं बंद होतं थोडंच."

"नव्हतं?"

"छे! आम्ही कुठं बंद केलं? तुम्ही आपलं कामात, आम्ही आपलं कामात. राहून गेलं."

"चक्की पण राहून गेली?"

"चक्की नादुरुस्त होती."

"आमच्याच दळणाला?"

मंगेश पुढे सरकला. त्याने पांढरा शर्ट घातला होता आणि फोन हातातून खाली ठेवत नव्हता. "काकी, लिसन. मॅटर सिंपल हाय. बाहेरच्या कंट्रीत आपल्या गावाचं नाव गेलंय. असं बरं दिसत नाय. आपली घर की बात हाय. वाळीत-बिळीत असं काय नव्हतंच, तेवढं तुम्ही तिकडं सांगायचं. यावर्षी पालखी पहिली तुमच्या दारात. प्रॉमिस."

पालखी म्हटल्यावर महिपतने मान वर केली. ठकूबाईनेही केली असती. तिने पदर सारखा केला.

"आनी पोरगी?" तिने विचारलं.

"येऊ दे की!" चांगू म्हणाला. "आम्ही काय खाणार हाय तिला? लेकीनं माहेरी यायचं नाय तर कुठं? चुका होतात पोरांच्या. आम्ही पोटात घालतो."

"जावयाला घेऊन येईल."

"येऊ दे ना. दोघं येऊ दे." बोलता बोलता चांगू उदार होत गेला. "आनी इथं नको वाटलं तर राहू दे कुठंही. दिल्लीला राहू दे, कलकत्त्याला राहू दे. काळजीच करू नका वहिनी. आपली माणसं सगळीकडं हायत. कुठंही राहिले तरी आपली नजर असणार त्यांच्यावर."

"कलकत्त्याला पण?"

"मंगेश, सांग की."

"काकी, नेटवर्क हाय आपलं," मंगेश म्हणाला. "कोंडातला माणूस इंडियात कुठंही जाऊ दे, आठवड्यात पत्ता काढतो. नाशिकचा कसा काढला?"

तो हसला. चांगूही हसला. मग दोघांच्या लक्षात आलं की घरातलं कुणी हसत नाहीये, आणि त्यांनी चहा घेतला.

ते गेल्यावर महिपत बराच वेळ अंगणात बसून होता. "येऊ दे म्हणतायत," तो म्हणाला. "दोघांना. तू ऐकलंस ना? तिकडं बर्फात राहण्यापरीस..."

"ऐकलं."

"मग तिकडं तसं सांग. पोरगी घरी येईल गो."

ठकूबाईने कपबशा गोळा केल्या. तिला पालखी हवी होती. देवी सगळ्यांच्या दारी जाते आणि आपल्या दारावरून ढोल वाजत पुढे निघून जातो, हे तिने चार शिमगे पाहिलं होतं. दरवर्षी ती अंगण सारवून ठेवी आणि दरवर्षी त्यावर महिपतची पावलं तेवढी उमटत. आणि मुलगी तर तिला हवीच होती. चांगूचं ऐकलं तर दोन्ही मिळत होतं. गोष्ट इतकी चांगली होती की तिचा विश्वास बसेना. एखाद्याने म्हैस दुभती सांगून स्वस्तात दिली, तर दूध काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, एवढा व्यवहार तिला होता, आणि महिपतला तिने तो बोलूनही दाखवला.

शिमग्यात पालखी खरंच पहिली तिच्या दारी आली. ढोल, ताशा, गुलाल, मुंबईहून आलेली पोरं. भोयांनी पालखी अंगणात नाचवली, मग पाटावर टेकवली. ठकूबाईने देवीची ओटी भरली. बायका कडेला उभ्या होत्या. साळूबाईही होती, आज कोंबडीशिवाय.

मग गाऱ्हाणं, म्हणजे घरादारासाठी देवीकडे मागणं. ते घालायचा मान चांगूचा. कोंडाची रीत अशी की घरात जेवढी माणसं, तेवढ्यांची नावं घ्यायची. जी परगावी पोटासाठी गेली त्यांची तर आवर्जून, कारण घरातल्यांकडे देवी तशीही बघते, लांबच्यांची आठवण तिला करून द्यावी लागते. ज्याचं नाव गाऱ्हाण्यात आलं तो कोंडाचा माणूस. त्याच्या केसाला धक्का लावणं म्हणजे देवीपुढे दिलेला शब्द मोडणं, आणि ते करायची छाती कोंडात कुणाची नाही. कायद्याची गोष्ट वेगळी.

चांगूने हात जोडले. "हे आई जननी! आज तुझी पालखी ह्या घरच्या दारात आली हाय. ह्या घरचा महिपत, ह्या घरची ठकूबाई, त्यांच्या गुराढोरांना, शेताभाताला..."

"पोरगी परगावी हाय," ठकूबाई म्हणाली.

चांगू थांबला. "हां. आनी त्यांची लेक रूपाली, परमुलखात हाय, तिला सुखरूप राख..."

"आनी जावई."

ढोलवाल्याने टिपरी ढोलावर टेकवून ठेवली.

"वहिनी," चांगू खाली आवाजात म्हणाला, "तिचं नाव घेतलं ना."

"त्याचं राहिलं. अश्वजित म्हणायचं. सोपं हाय."

"पालखीपुढं कसं घेऊ त्याचं?"

"तोंडानं."

"असं नाय होत वहिनी. रीत नाय."

"परवा अंगणात म्हणालास, दोघं येऊ दे. पोटात घालतो म्हणालास. पोटात घालणारायस, मग ओठावर यायला काय झालं?"

कडेच्या बायकांत कुणाला तरी खोकला आला. मंगेश पुढे झाला. "काकी, ड्रामा नको. पब्लिक उभी हाय. टाइम होतोय."

"होऊ दे. चार वर्षं वेळच होता तुम्हाला."

चांगूने देवीकडे पाहिलं, मंगेशकडे पाहिलं, मग भोयांकडे. त्याचं तोंड उघडलंही एकदा. महिपतला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं की तो म्हणणार होता. पण भोयांतला एक तरुण पोरगा म्हणाला, "त्याचं नाव घेतलं तर मी खांदा देणार नाय." दुसरा म्हणाला, "मी पण." तिसरा काही बोलला नाही, फक्त थुंकला. आणि त्यातल्या दोघांना ठकूबाईने नीट ओळखलं, कारण अश्वजितने पनवेलमध्ये मारणाऱ्यांचे चेहरे तिला पुन्हा पुन्हा सांगितले होते: एकाच्या भुवईवर कापल्याची खूण, एकाला दात पुढे.

"उचला," ठकूबाई म्हणाली.

"काय?"

"पालखी उचला. देवीला ऊन लागतंय."

गाऱ्हाणं अर्धंच राहिलं. पालखी गेली. महिपतने पाट उचलून भिंतीला लावला. तो म्हणाला, "दूध नाय निघालं."

"नाय," ती म्हणाली, आणि आत जाऊन भांडी घासत बसली. त्या दिवशी भांडी पुष्कळ घासली गेली.

सुनावणी माहरुखच्या ऑफिसात, कॉम्प्युटरवर. तिकडची सकाळ म्हणजे इकडची संध्याकाळ. साक्षीदाराजवळ कुणी बसायचं नाही, म्हणून माहरुखने कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवला आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसली. जाताना म्हणाली, "मावशी, खरं तेवढंच. पालखी आली होती, तेही सांगायचं. लपवलंत तर सगळंच खोटं ठरेल."

"लपवायला मी काय गावकी हाय?"

पडद्यावर चार चौकटी होत्या. एकीत मेंबर, एक पिकल्या केसांची बाई. एकीत वकील. एकीत रूपाली आणि अश्वजित, शाळेतल्या फोटोसारखे ताठ. आणि एकीत दुभाषा, पुण्याकडचा, अत्यंत सभ्य. त्याने ठकूबाईला सांगितलं, "आपण जे जे बोलाल ते मी शब्दशः इंग्रजीत सांगणार आहे. काहीही गाळणार नाही."

"काहीही?"

"काहीही नाही."

ठकूबाईने खुर्ची पुढे ओढली. एका देशाचं सरकार तिचं बोलणं ऐकायला बसलं होतं, आणि ते दुसऱ्यांदा म्हणायला माणूस पगारी ठेवला होता.

तिने सांगितलं. नारळ सांगितला, चक्की सांगितली, कोंबडी सांगितली. दुभाष्याने कोंबडी शब्दशः सांगितली तेव्हा मेंबरबाईंनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, शेजारीण कोंबडीशी का बोलत होती? "दंड पडतो म्हणून. कोंबडीला नाय पडत." हे टाइप झालं.

मग मेंबरबाईंनी विचारलं, "मध्यंतरी गावाने तुमच्याशी समेट केला का?"

वकील जरा पुढे वाकला. रूपालीने अश्वजितचा हात धरला.

"पालखी आली होती," ठकूबाई म्हणाली, आणि तीही हकिकत पहिल्यापासून सांगितली. कुणी काय म्हटलं, कुणी खांदा द्यायला नकार दिला, कुणाच्या भुवईवर खूण.

"हे दोघं भारतात दुसऱ्या एखाद्या मोठ्या शहरात राहू शकणार नाहीत का? तुमचं गाव लहान आहे."

"मला पण तसंच वाटायचं. पण आमचा चांगू घरी येऊन म्हणाला, कलकत्त्याला राहू दे, आपली नजर असणार. मंगेश म्हणाला, आठवड्यात पत्ता काढतो. मी विचारलं नव्हतं बाई. ते धीर द्यायला आले होते."

मेंबरबाईंनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

"शेवटचा प्रश्न. तुमची मुलगी आणि तिचा नवरा परत आले, तर तुम्ही त्यांना घरात घ्याल?"

"घेईन की. का नाय घेणार?"

"मग ते तुमच्या घरी सुरक्षित असतील?"

दुभाष्याने प्रश्न मराठीत केला. चौकटीतून रूपाली बघत होती. ती बारीक झाली होती. केस कापले होते, आणि ते कुणाला विचारून कापले हे ठकूबाईला विचारायचं राहून गेलं होतं.

"माझं घर तीन खोल्यांचं हाय," ती म्हणाली. "तेवढ्यात असतील. अंगणाच्या पुढं मी कोण?"

"म्हणजे नाही?"

"नाय. पाठवू नका तिला." मग ती दुभाष्याकडे वळली. "हे नीट सांगा. आईनं सांगितलं म्हणावं."

त्याने सांगितलं. इंग्रजीत ते वाक्य फार लहान झालं. मेंबरबाईंनी तिचे आभार मानले आणि तिची चौकट बंद झाली. अजून सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

निकाल उन्हाळ्यात आला. रूपाली फोनवर रडत होती आणि हसत होती. "आये, राहू देतायत गो! दोघांना!"

"बरं झालं," ठकूबाई म्हणाली. "जेवलात काय?"

महिपतने विचारलं, "काय झालं?"

"राखली."

"बरं झालं," तोही म्हणाला, आणि वैरण काढायला गेला. वैरण सकाळीच काढून झाली होती.

पुढच्या बाजारच्या दिवशी ठकूबाई माहरुखकडे गेली. "ती येऊ शकत नाय, हे पाठ झालं माझं. मी जाऊ शकते काय?"

"तुम्ही? जाऊ शकता. व्हिसा मिळाला तर. आधी पासपोर्ट काढायला लागेल."

"मग काढ."

"काढते. चौकशीला पोलीस घरी येतात. आणि तुम्हाला ओळखणारी गावातली दोन माणसं लागतात. ही बाई इथलीच, आम्ही ओळखतो, असं सांगणारी."

ठकूबाईने पिशवीतले उरलेले पावटे टेबलावर ओतले, फी म्हणून. "एक साळूबाई होईल," ती म्हणाली. "दुसऱ्याचं बघते."

संध्याकाळी ती चांगूच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तो खाटेवर बसून सुपारी कातरत होता. त्याने वर पाहिलं आणि परत सुपारीकडे.

"भावजी, पासपोर्ट काढायचाय मला. पोलीस येतील. मला ओळखता, एवढंच सांगायचं. नाय ओळखत म्हणालात, तर का नाय ओळखत ते पण ते विचारतील."

चांगूने सुपारी कातरून पुरी केली. आत त्याच्या घरातल्या बायका स्वयंपाकघराच्या दारामागे येऊन थांबल्याचा बांगड्यांचा आवाज झाला. तो कोंडाच्या खालच्या वाटेकडे बघत राहिला, आणि तिकडून कुणी येत नाहीये अशी खात्री झाल्यावर म्हणाला,

"तुम्हाला कोण नाय ओळखत वहिनी. पाठवा त्यांना."

आणि मग, सुपारी तोंडात टाकून, "किती दिवस राहणार तिकडं?"

"आधी जाऊ दे तरी," ठकूबाई म्हणाली, आणि तिथेच खाटेच्या कडेला बसून तिने विमान, व्हिसा आणि तिकडची थंडी यांबद्दल माहरुखने सांगितलेलं सगळं सांगायला सुरुवात केली. त्याने तिला उठा म्हटलं नाही.